टँकने किती मारावे, किती सोसावे : नव्या खेळाडूंसाठी टप्प्याटप्प्याने

आमच्या पाच जणांच्या गटात टँक, म्हणजे पुढे उभा राहून शत्रूचे घाव अंगावर घेणारा खेळाडू, होण्याची पाळी माझ्यावर आली, ती दुसरे कोणीच तयार नव्हते म्हणून. जुळे सोलापुरातल्या एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही रात्री खेळायला बसत असू, कारण मे महिन्यात दिवसा त्या पत्र्याखाली संगणकही तापत असे आणि माणसेही. पहिल्या आठवड्यात मी अंगावर चढेल तेवढे चिलखत चढवले. मी मेलो नाही, मात्र समोरचे राक्षस मला सोडून थेट हीलरकडे, म्हणजे गटाची घटलेली हेल्थ (जीव) भरून देणाऱ्या खेळाडूकडे, धावत आणि थोड्याच वेळात सगळा गट आडवा होत असे. दुसऱ्या आठवड्यात मी उलटे टोक गाठले आणि नुसते माऱ्याचे सामान घातले, तेव्हा हीलर असलेला मित्र शेजारच्या खुर्चीतून ओरडला, “ढाल धर की बे, किती भरायचं तुला!”

या दोन टोकांच्या मध्ये कुठे उभे राहायचे, हे ठरवण्यासाठी अंदाजापेक्षा बेरीज-वजाबाकी अधिक उपयोगी पडते, असे मला पुढे कळले. लागणारे गणित सातवीच्या पुस्तकापलीकडचे नाही. हा लेख ज्याने टँकची भूमिका नुकतीच घेतली आहे, किंवा गटाने ती ज्याच्या गळ्यात घातली आहे, अशा खेळाडूसाठी आहे. उदाहरणे मुख्यतः वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी 14 या खेळांतली आहेत. लीग ऑफ लेजंड्स आणि ओव्हरवॉच यांचा उल्लेख जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे येईल. लेखात ‘मारा’ म्हणजे आपण शत्रूला करतो ते डॅमेज (नुकसान) आणि ‘टिकाव’ म्हणजे शत्रूचे डॅमेज सोसून उभे राहण्याची क्षमता, असे दोन शब्द मी वापरले आहेत.

पहिली पायरी : शत्रू आपल्याकडे का पाहतो, ते ओळखा

संगणक चालवतो ते शत्रू आणि माणूस चालवतो ते शत्रू यांच्यात टँकच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नवखा खेळाडू एका खेळातले शहाणपण दुसऱ्या खेळात नेऊन फसतो तो इथेच.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसारख्या खेळात प्रत्येक शत्रूकडे एक अदृश्य वही असते. कोणी किती मारले, कोणी कोणाला किती भरले याची नोंद त्या वहीत थ्रेट या नावाने होते आणि ज्याच्या नावावर सर्वांत जास्त थ्रेट, त्याच्यावर शत्रू तुटून पडतो. टँकच्या माऱ्याला वहीत जादा भाव मिळतो. क्लासिक या जुन्या धाटणीच्या आवृत्तीत वॉरियर या पात्राच्या डिफेन्सिव्ह स्टान्समध्ये (बचावाच्या पवित्र्यात) किंवा ड्रुइड या पात्राच्या अस्वलरूपात एक घाव 1.3 पट मोजला जातो. शिवाय शत्रूने एकदा टँकला धरले की त्याला सोडवण्यासाठी जवळून लढणाऱ्याला टँकच्या 110 टक्के आणि लांबून लढणाऱ्याला 130 टक्के थ्रेट ओलांडावा लागतो. एवढी सवलत असूनही शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच येते. म्हणून ज्या टँकला अजिबात मारता येत नाही त्याच्या हातून शत्रू सुटतो. माझ्या पहिल्या आठवड्यात नेमके हेच होत होते.

क्लासिकमध्ये यात आणखी एक गंमत आहे. वॉरियरचे रेज हे इंधन मारल्याने मिळते, तसेच मार खाल्ल्यानेही मिळते. चिलखत इतके जाड केले की मार लागेनासा होतो, तेव्हा रेज आटते, रेज आटले की ढालीचे वार थांबतात आणि थ्रेट गळतो. अति टिकाव असा स्वतःच्याच मुळावर येऊ शकतो.

माणसांविरुद्धच्या खेळात अशी वही नसते. लीग ऑफ लेजंड्समध्ये समोरचा खेळाडू तुमचे चिलखत पाहतो, हा मरायला वेळ लागेल आणि हा आपले काही बिघडवणारही नाही असे मनाशी ठरवतो आणि तुम्हाला वळसा घालून मागच्या नेमबाजाकडे जातो. शेन किंवा रॅमस यांच्यासारख्या पात्रांकडे शत्रूला क्षणभर आपल्यावरच वार करायला लावणारी कला असते, परंतु ती क्षणभरच पुरते. इतर वेळी टँककडे लक्ष वेधणारी गोष्ट म्हणजे त्याचा धाक, आणि धाक माऱ्यामधून किंवा शत्रूला जागीच खिळवणाऱ्या कलांमधून येतो. अशा खेळात सगळा पैसा हेल्थ आणि आर्मरवर (चिलखतावर) खर्च करणारा टँक म्हणजे रस्त्याच्या कडेचा मैलाचा दगड : शाबूत, आणि कोणी न थांबणारा.

दुसरी पायरी : सर्वांत वाईट तीन सेकंद शोधा

माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक जण ती वगळतात. टँक सरासरी डॅमेजने मरत नाही. पाच मिनिटांच्या लढाईत बॉसने, म्हणजे टप्प्याच्या मोठ्या शत्रूने, एकूण किती मारले याने हीलरचा मॅना (मंत्रांना लागणारे इंधन) संपतो. टँक मरतो तो हीलरचा पुढचा हील पोहोचण्याआधी लागोपाठ पडलेल्या दोन-तीन घावांनी. एकूण मार आणि सलग मार ही दोन वेगवेगळी खाती आहेत, आणि त्यांची सरमिसळ केली की टिकाव किती पुरे, या प्रश्नाचे उत्तर कधीच सापडत नाही.

एक काल्पनिक बॉस घेऊ. तुमची हेल्थ 10,000 आहे. बॉसचा साधा घाव 2,400 चा असून तो दर दोन सेकंदांनी पडतो आणि दर तीस सेकंदांनी 7,000 चा एक मोठा घाव येतो, ज्याला खेळाडू टँकबस्टर म्हणतात. हीलरला प्रसंग ओळखायला एक सेकंद आणि मंत्र पूर्ण करायला दोन सेकंद लागतात, असे धरू. मग सर्वांत वाईट तीन सेकंदांत साधा घाव, त्यापाठोपाठ टँकबस्टर आणि पुन्हा साधा घाव एवढे सगळे पडू शकते. बेरीज 11,800 होते. हेल्थ काठोकाठ भरलेली असली तरीही तुम्ही मेलात, आणि यात हीलरचा काडीचाही दोष नाही.

इथे नवखा खेळाडू दुकानात जातो आणि आणखी 2,000 हेल्थ देणारे सामान शोधू लागतो. त्याआधी दुसरी वजाबाकी करून पाहावी. त्या तीन सेकंदांत 20 टक्के डॅमेज कमी करणारी एखादी कला चालू असेल, तर 11,800 चे 9,440 होतात आणि तुम्ही 560 हेल्थवर जिवंत राहता. 30 टक्क्यांची कला असेल तर 8,260 होतात आणि 1,740 उरतात. म्हणजे एक बटण वेळेवर दाबल्याने जे काम झाले, त्यासाठी तुम्ही माऱ्याचे दोन-तीन नग काढून ठेवायला निघाला होतात.

या हिशेबात एक बारकावा आहे. कपातींची बेरीज होत नाही, तर उरलेल्या हिश्शांचा गुणाकार होतो. 20 आणि 30 टक्क्यांच्या दोन कला एकत्र लावल्या तर 0.8 गुणिले 0.7 म्हणजे 0.56 उरते, कपात 44 टक्क्यांची झाली, 50 ची नाही. म्हणून कोणताही एक घाव सोसायला जेवढे पुरते तेवढेच वापरावे आणि दुसरी कला पुढच्या घावासाठी ठेवावी.

आकडे कुठून आणायचे, असा प्रश्न पडेल. लीग ऑफ लेजंड्स मेल्यावर शेवटच्या घावांचा तपशील स्वतःच दाखवतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्येही कशाने मेलो याची यादी पाहता येते, आणि लढाईची नोंद वॉरक्राफ्ट लॉग्स या संकेतस्थळावर चढवली तर प्रत्येक सेकंदाचा आलेख समोर येतो. मेल्यावर लगेच पुन्हा उभे राहण्याची घाई असते हे मान्य, परंतु ती यादी वाचण्याची अर्ध्या मिनिटाची सवय नव्या टँकला कोणत्याही तलवारीपेक्षा अधिक देते.

तिसरी पायरी : कूलडाऊन पाण्यासारखे वापरा

एकदा वापरले की ठराविक काळ पुन्हा न मिळणाऱ्या कलेला कूलडाऊन म्हणतात. फायनल फँटसी 14 मध्ये सर्व टँकांना मिळणारे रॅम्पार्ट 20 सेकंदांसाठी 20 टक्के डॅमेज कमी करते आणि दाबल्यापासून 90 सेकंदांनी पुन्हा तयार होते. वरच्या उदाहरणातला टँकबस्टर दर तीस सेकंदांनी येतो, म्हणजे रॅम्पार्ट तीनपैकी एकालाच पुरेल. दुसऱ्यासाठी तुमच्या पात्राची स्वतःची कला लागेल आणि तिसऱ्यासाठी हीलरकडून ढाल मागावी लागेल. ही वाटणी लढाईपूर्वी ठरलेली असावी, शक्य असल्यास कागदावर.

सोलापूरकराला हे वेगळे शिकवावे लागू नये. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पहिल्याच दिवशी अंगण धुणारा माणूस तिसऱ्या दिवशी कळशी घेऊन शेजारी जातो. मात्र दुसरी चूकही आपण घरोघरी पाहिलेली आहे : जपून जपून ठेवलेले पिंप नवे पाणी आले की तसेच मोरीत ओतून दिले जाते. टँकांमध्ये ही दुसरी चूक अधिक आढळते. अडीअडचणीला लागेल म्हणून मोठी कला राखून ठेवणारा खेळाडू लढाई संपेपर्यंत ती दाबतच नाही, किंवा हेल्थ दहा टक्क्यांवर आल्यावर दाबतो. डॅमेज कमी करणारी कला घाव पडण्यापूर्वी चालू असली तरच उपयोगाची. घाव पडून गेल्यावर ती झालेले नुकसान परत आणत नाही.

आपल्याकडच्या खेळाडूने यात पिंगचा, म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळाचाही विचार करावा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा सर्व्हर भारतात नसल्याने आपले बटण दूरच्या देशात जाऊन पोहोचते. दीडशे मिलिसेकंदांची पिंग असेल, तर पडद्यावर घाव उगारलेला दिसतो तेव्हा सर्व्हरवर तो त्याहून पुढे गेलेला असतो. मी मोठ्या घावाच्या तयारीची पडद्यावरची पट्टी साधारण निम्मी भरली की कूलडाऊन दाबतो. कूलडाऊनचे एक-दोन सेकंद त्यात वाया जातात, पण ते जाऊ द्यावेत. आणि राउटर इन्व्हर्टरवर घेतलेला नसेल तर तो आधी घ्यावा. वीज गेल्यावर टिकाव वाढवणारे कोणतेही चिलखत निघालेले नाही.

चौथी पायरी : आर्मर आणि हेल्थ यांचा मेळ

आता सामानाकडे वळू. लीग ऑफ लेजंड्सचे सूत्र सोपे असल्यामुळे शिकायला तेच बरे. तिथे लागणारे डॅमेज 100 भागिले, 100 अधिक आर्मर, या प्रमाणात कमी होते. 100 आर्मरला निम्मे डॅमेज लागते, 200 ला एक-तृतीयांश, 300 ला एक-चतुर्थांश. टक्क्यांकडे पाहिले तर पुढचे आर्मर कमी-कमी काम करते असे वाटते, पण तो भास आहे. किती कच्चे, म्हणजे आर्मरने घटण्याआधीचे, डॅमेज सोसता येईल ते पाहावे. 3,000 हेल्थ आणि 100 आर्मर असलेला टँक 6,000 चे कच्चे डॅमेज सोसतो. त्याला 50 आर्मर दिले तर आकडा 7,500 होतो, आणि 500 हेल्थ दिली तर 7,000 होतो. म्हणजे इथे आर्मर घेणे फायद्याचे. मात्र त्याच टँककडे आधीच 300 आर्मर असेल, तर तो 12,000 सोसत असतो. 50 आर्मरने 13,500 होतात आणि 500 हेल्थने 14,000. आता हेल्थ पुढे गेली. एकच वस्तू ढिगाने घेण्यापेक्षा जे कमी आहे ते वाढवावे, हा नियम यातूनच निघतो.

आर्मरची बाजू घेणारी एक गोष्ट या बेरजेत दिसत नाही. 100 आर्मरवर हीलरने भरलेली 500 हेल्थ 1,000 कच्च्या डॅमेजला पुरते. नुसत्या मोठ्या हेल्थच्या टँकला तोच हील 500 एवढाच पडतो. ज्याच्या पाठीशी चांगला हीलर आहे त्याने आर्मरकडे थोडे झुकावे. मात्र आर्मर शारीरिक घावांपुरते असते. लीगमध्ये जादूसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते आणि काही डॅमेज दोन्ही ओलांडून थेट हेल्थवर येते. समोरच्या पाच जणांत जादूगार किती आणि तलवारबाज किती, हे मोजल्याशिवाय पहिली वस्तू घेऊ नये.

कधीकधी टिकावाला एक स्पष्ट उंबरठा असतो. वॉरक्राफ्ट क्लासिकमध्ये 60 पातळीच्या टँकला 440 डिफेन्स (बचावाचे कौशल्य) गाठायला सांगतात, त्यामागे कारण आहे. 63 पातळीच्या बॉसला अशा टँकवर दुप्पट डॅमेजचा क्रिटिकल घाव बसवण्याची 5.6 टक्के संधी असते. 300 हे डिफेन्स मुळात असतेच. वरचा प्रत्येक गुण ती संधी 0.04 टक्क्यांनी घटवतो आणि 140 गुणांना ती शून्यावर येते. उंबरठ्याच्या अलीकडचा प्रत्येक गुण मोलाचा, पलीकडच्याचे मोल बरेच उतरलेले. अनुभवी गटांतले टँक थ्रेट वाढवण्यासाठी हा उंबरठा मुद्दाम सोडतात आणि दोन्ही हातांत शस्त्रे घेऊन लढतात. त्यांचे व्हिडिओ पाहून नवख्याने पहिल्याच महिन्यात ढाल टाकून देऊ नये. त्या गटांचे हीलर वेगळे, तयारी वेगळी आणि लढाई आटोपण्याचा वेगही वेगळा.

पाचवी पायरी : आता मारा वाढवा

सर्वांत वाईट तीन सेकंद तुम्ही कूलडाऊनच्या आधारे सोसू शकता, आणि त्यानंतर थोडी हेल्थ शिल्लक राहते, इथपर्यंत आलात की टिकाव पुरे झाला. त्यापुढे घातलेले संरक्षण वाया जाते, कारण मृत्यूहून अधिक काही टाळायचे नसते. इथून पुढे मारा.

त्याचा उपयोग मोजता येतो. बॉसची हेल्थ 3,00,000 आहे आणि गट मिळून सेकंदाला 1,000 चा मारा करतो, त्यात तुमचा वाटा 150 चा आहे, असे समजा. लढाई 300 सेकंद चालेल. बॉस तुम्हाला सेकंदाला सरासरी 400 मारतो, म्हणजे हीलरला एकूण 1,20,000 भरायचे आहे. आता तुम्ही काही नग बदलून स्वतःचा मारा 210 केला. गटाचा मारा 1,060 झाला आणि लढाई सुमारे 283 सेकंदांत आटोपली. नग बदलल्यामुळे तुम्हाला 5 टक्के जास्त, म्हणजे सेकंदाला 420 लागू लागले, तरी एकूण बेरीज 1,18,860 होते. जास्त मार लागत असूनही हीलरचे काम किंचित घटले.

उदाहरण मी मुद्दाम काठावरचे घेतले आहे. तुमचा स्वतःचा मारा 40 टक्क्यांनी वाढला, तरी गटाचा मारा 6 टक्क्यांनीच वाढला, कारण पाच जणांत टँकचा वाटा लहान असतो. यातून एक साधी कसोटी मिळते : गटाचा एकूण मारा जेवढ्या टक्क्यांनी वाढतो त्याहून कमी टक्क्यांनी तुमच्यावरचा मार वाढत असेल, तर अदलाबदल परवडते. ‘माझा मारा चाळीस टक्क्यांनी वाढला’ या आनंदात 10 टक्के जास्त मार पत्करणारा टँक हीलरवर कर्ज काढत असतो. आणि सलग माराचे खाते वेगळेच राहते, हे विसरू नये. 420 च्या सरासरीत तो 7,000 चा घावही 7,350 चा झालेला आहे. 20 टक्क्यांची कला लावून तीन सेकंदांची बेरीज आता 9,912 येते आणि शिल्लक 88 उरते. माझ्यासारखा माणूस एवढ्या शिलकीवर झोपत नाही. मी त्यातला एक नग परत बदलेन.

सामानापेक्षा मोठी वाढ बटणांच्या क्रमातून मिळते, आणि तिच्यासाठी टिकाव सोडावा लागत नाही. प्रत्येक टँकचा स्वभाव मात्र वेगळा आहे. वॉरक्राफ्टमधल्या प्रोटेक्शन वॉरियरचा शील्ड स्लॅम मारतोही आणि रेजही देतो. त्याच रेजवर शील्ड ब्लॉक हे ढालीचे संरक्षण चालते. इथे मारा हाच टिकावाचा पगार आहे, म्हणून घाबरून मारणे थांबवणारा वॉरियर लवकर मरतो. ब्लड डेथ नाइटचा डेथ स्ट्राइक गेल्या पाच सेकंदांत सोसलेल्या डॅमेजच्या काही हिश्शाइतकी हेल्थ परत देतो, तेव्हा तो मोठ्या घावाच्या आधी दाबण्यापेक्षा नंतर दाबावा. गार्डियन ड्रुइडकडे खरी ओढाताण दिसते : आयर्नफर हे संरक्षण आणि मॉल हा वार, दोन्ही एकाच रेजमधून जातात. शत्रू बरेच आणि हेल्थ उतरती असेल तर आयर्नफर. बॉस काही काळ दुसऱ्याच टँकला मारत असेल, तर तुमचे सगळे रेज मॉलमध्ये जावे. मार लागत नसताना संरक्षण दाबत बसणे ही या पात्रातली सर्वांत सामान्य चूक आहे.

मला सर्वांत सुबक वाटते ती फायनल फँटसी 14 मधल्या डार्क नाइटची रचना. द ब्लॅकेस्ट नाइट ही त्याची ढाल 3,000 एमपी (त्या खेळातला मॅना) खाते, आणि तेवढ्याच एमपीमध्ये एज ऑफ शॅडो हा वारही करता येतो. ढाल सात सेकंदांत शत्रूच्या मारामुळे पूर्ण फुटली, तर पुढचा तो वार फुकट मिळतो. फुटली नाही, तर तो एमपी गेला तो गेलाच. म्हणजे मार कुठे येणार आहे हे अचूक ओळखणाऱ्याला टिकाव जवळजवळ फुकट पडतो आणि अंदाज चुकवणाऱ्याला माऱ्याचा दंड बसतो. नव्या खेळाडूने महिनाभर हे पात्र खेळून पाहावे. घाव ओळखण्याची नजर तयार होते.

जुन्या मार्गदर्शनापासून मात्र सावध राहावे, कारण हे नियम कायम राहत नाहीत. 2010 मध्ये आलेल्या कॅटॅक्लिझम विस्तारात वॉरक्राफ्टच्या टँकांना व्हेंजन्स नावाची सोय मिळाली होती, तिच्यामुळे जितका मार खावा तितकी मारण्याची ताकद वाढे. परिणामी टँक मुद्दाम जास्त मार अंगावर घेऊ लागले, आणि 2014 मध्ये ती सोय काढून टाकण्यात आली. फायनल फँटसी 14 मध्येही टँक स्टान्स, म्हणजे थ्रेट वाढवणारा पवित्रा, चालू ठेवला की मारा घटत असे, म्हणून जुने खेळाडू तो अधूनमधून बंद करायला सांगत. 2019 मधल्या शॅडोब्रिंगर्स या विस्तारापासून तो दंड उरलेला नाही. आज छोट्या डन्जनमध्ये (गटाने मिळून पार करायच्या टप्प्यात) एकटे टँक असताना स्टान्स बंद ठेवण्याचे काहीही कारण नाही.

ओव्हरवॉचमधला राइनहार्ट हा ढाल-हातोडावाला टँक एका वाक्यात सांगता येतो : ढाल उभी असताना त्याला हातोडा चालवता येत नाही. 2022 च्या दुसऱ्या आवृत्तीत गटातल्या टँकांची संख्या दोनवरून एकवर आली, तेव्हापासून हा प्रश्न आणखी टोकदार झाला आहे. शिवाय तुमच्यावर लागणारी प्रत्येक गोळी शत्रूच्या अल्टिमेटची (सर्वांत मोठ्या कलेची) टाकी भरते. म्हणून ढाल उचलायची ती गोळीबार येत असताना, आणि शत्रू बंदूक भरत असेल किंवा कोपऱ्याआड गेला असेल तेवढ्यात हातोडा. कायम ढाल धरून चालणारा राइनहार्ट सुरक्षितही राहत नाही, कारण ढाल फुटतेच.

सहावी पायरी : उभे कुठे राहायचे

यावर फार लिहिण्यासारखे नाही, पण तीन गोष्टी सांगतो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये पाठीमागून आलेला घाव ढालीवर घेता येत नाही आणि शस्त्राने अडवताही येत नाही. म्हणून सगळे शत्रू तोंडासमोर राहतील अशा बेताने मागे सरकत जावे. बॉसचे तोंड गटाकडे कधीही वळवू नये, कारण त्याचा रुंद वार सगळ्यांना एकदम आडवे करतो. आणि शत्रूचा मंत्र मध्येच तोडणे, त्याला गुंगवणे, जमिनीवरच्या लाल वर्तुळातून बाहेर पडणे यांत ज्या डॅमेजपासून सुटका होते, त्याला एकही नग खर्च होत नाही.

किती शत्रू एकदम ओढायचे, याला पुल म्हणतात, आणि त्यात वेग टँकच्या हातात असतो. सिद्धेश्वराच्या यात्रेत उंच, जड नंदीध्वज तोलत चालणाऱ्या माणसाचा वेग हाच मिरवणुकीचा वेग असतो; मागची गर्दी कितीही उतावळी असो, तो तोल सावरूनच पाऊल टाकतो. गटातले तिघे मारेकरी ‘चल, चल’ म्हणत राहतील. त्यांच्या मागणीवरून पुल वाढवू नये. हीलरचा मॅना आणि तुमचे तयार कूलडाऊन पाहून वाढवावा. एक मात्र खरे, की मोठा पुल हा मारा वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. पाच शत्रूंवर एकदम पडणारा तुमचा एक वार पाचदा मोजला जातो, आणि दोन कळप एकत्र मारले तर ते वेगवेगळे मारण्यापेक्षा पुष्कळ वेळ वाचतो. तीन सेकंदांचा हिशेब तेवढा प्रत्येक पुलासाठी नव्याने करावा, कारण दहा शत्रूंचे दहा घाव पहिल्या काही सेकंदांतच पडतात. कूलडाऊन म्हणूनच पुलाच्या सुरुवातीला दाबायचा असतो, निम्मे शत्रू मेल्यावर त्याची गरज उरत नाही.

सातवी पायरी : एका वेळी एकच बदल

सामान बदलताना एकच नग बदलावा आणि त्याच डन्जनच्या किंवा त्याच बॉसच्या चार-पाच फेऱ्या खेळाव्यात. दोन आकडे लिहून ठेवावेत : लढाईला लागलेला वेळ आणि तुमच्या हेल्थने गाठलेला तळ. वेळ घटला आणि तळ 20 टक्क्यांच्या वर राहिला, तर पुढचा नग माऱ्याचा घ्यावा. तळ 10 टक्क्यांच्या खाली जाऊ लागला, तर आधी कूलडाऊनच्या वेळा तपासाव्यात आणि त्या बरोबर असतील तरच नग परत करावा. हे 20 आणि 10 चे आकडे माझे स्वतःचे आहेत. तुमचा हीलर चपळ असेल तर ते खाली आणता येतील. आमच्या गटाची अशी एक शंभरपानी वही आहे, तिच्यावर शेंगाच्या चटणीचे डाग आहेत आणि तीन जणांची अक्षरे आहेत, पण वाद झाला की सगळे तिच्याकडेच वळतात.

नवा बॉस किंवा नवा पॅच (खेळाच्या नियमांत बदल करणारी सुधारणा) आला की एक-दोन नग टिकावाकडे परत न्यावेत आणि सर्वांत वाईट तीन सेकंद पुन्हा शोधावेत. हीलर बदलला तरी तेच. अनोळखी हीलर मिळाला की मी अजूनही पहिला पुल लहान घेतो आणि तो संपेपर्यंत त्याच्या मॅनाकडे पाहत राहतो. मॅना निम्म्याच्या वर राहिला, तर पुढचे दोन कळप एकदम ओढतो. खाली गेला, तर तो खेळातले पाणी पिऊन मॅना भरेपर्यंत थांबतो आणि बॅगेतले जुने चिलखत चढवतो.